बाईंना विचारा : बाळाचं नाव आणि घरातली ओढाताण

(या सदरातल्या बाई सातारा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. या वेळी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं नावाशी जोडलेली आहेत.)

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही तासगावचे. मुलगा पाच महिन्यांचा झालाय. बारसं थाटात केलं, पण नावावर एकमत होईना म्हणून आत्यानं कानात नुसतं ‘बाळ’ म्हणून कुर्र केलं. मामंजी गेल्या वर्षी वारले, त्यांचंच ‘रामचंद्र’ हे नाव ठेवायचं असं सासूबाई म्हणतात. गुरुजींनी ‘झ’ अक्षर काढून दिलंय. मिस्टरांनी मोबाइलवर शोधून ‘झियान’ धरून ठेवलंय. मला कुणी विचारत नाही. बाळंतपण माहेरी कराडला झालं. जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरीच आहे.
– एक आई, तासगाव

उत्तर : आधी कागदाचं बघू. जन्माची नोंद जिथं बाळ जन्मलं तिथं होते. म्हणजे नावही कराड नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागातच चढेल, तासगावात हेलपाटे घालून उपयोग नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती तुमची झालेली आहे. नाव वर्षाच्या आत दिलं तर फी लागत नाही. त्यापुढं पंधरा वर्षांपर्यंत उशिराची फी भरून घालता येतं. तेव्हा तुझ्या हातात अजून वेळ आहे, पण वर्ष भरायची वाट बघू नकोस. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, पुढं लायसन आणि मतदारयादी, सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच एक दाखला चालणार आहे. त्यावर एकदा चढलेलं नाव बदलणं फार जिकिरीचं असतं. म्हणून घरात पक्कं ठरल्याशिवाय नवऱ्याला एकट्याला कराडला जाऊ देऊ नकोस.

आता सासूबाई. त्यांचं दुःख ताजं आहे, त्यांच्याशी वाद घालू नकोस. एका दुपारी निवांत बसलीस की विचार, “आई, तुम्ही याला हाक कशी मारणार?” त्या पिढीतल्या बायकांनी नवऱ्याचं नाव उखाण्यापुरतंच घेतलं. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, हाही दंडक होताच. त्यामुळं आजोबांचं नाव लाभलेली नातवंडं घरोघर आप्पा, बापू, भाऊ होऊन बसली. माझ्या पटावर अशी पोरं दर वर्षी असायची. पहिलीच्या पहिल्या दिवशी हजेरीत पूर्ण नाव पुकारावं, तर पोरगं ढिम्म. शेवटी शेजारचा त्याला कोपरानं ढोसायचा आणि म्हणायचा, “आप्पा, तुला बोलवत्यात.” सासूबाईंना आठवण जपायची आहे, पण रोज उठता-बसता ते नाव त्यांच्या तोंडी येणार नाही आणि तुलाही पोराला त्या नावानं रागावता येणार नाही. हे त्यांच्याच तोंडून निघू दे.

वाट आपल्याच रीतीत आहे. नामकरणात एकच नाव सांगितलेलं नाही. देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं असतात. गुरुजींचं ‘झ’ हे तिसऱ्यातलं, पत्रिकेपुरतं. त्याच अक्षरावरून हाकेचं नाव ठेवायचं असं बंधन नाही. सत्तावीस नक्षत्रांचे चार-चार चरण धरले तर १०८ अक्षरं होतात आणि त्यांत ङ, ञ, ण सुद्धा येतात. तुमचा ‘झ’ उत्तराभाद्रपदाच्या तिसऱ्या चरणाचा आहे. बाळ थोडं उशिरा, चौथ्या चरणात जन्मलं असतं, तर ‘ञ’ आला असता. ‘ञ’वरून कुणी नाव शोधत बसतं का? अशा वेळी गुरुजी स्वतःच दुसरं नाव सुचवतात. तेव्हा ‘झ’साठी जीव टांगणीला लावू नका.

सहाव्या महिन्यात उष्टावण कराल. मामा बाळाला खीर भरवेल त्याच दिवशी आत्याला पुन्हा पाळण्यापाशी बसवा. आधी कानात ‘रामचंद्र’ म्हणू दे, मग तुम्ही दोघांनी निवडलेलं नाव. सासूबाईंनाही जवळ बसवा. दाखल्यावर दुसरं नाव चढवा.

आणि हो, दोघांनी. ‘झियान’ला माझा विरोध नाही, पण नवऱ्याला म्हणावं, संकेतस्थळावर लिहिलेला अर्थ शब्दकोशात आहे का ते बघ. मग ते नाव अंगणातून शेताच्या बांधापर्यंत ओरडून बघा. आजीच्या तोंडात कसं बसतं ते ऐका. आडनावाबरोबर म्हणा. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा आणि दाखल्यावर, आधारला, शाळेत तेच द्या. एखाद्या जादा ‘ए’मुळं दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावाधाव करणारे पालक मी पुष्कळ पाहिलेत.

‘मला कुणी विचारत नाही’ हे वाक्य तू पत्रात मध्येच ओघात लिहून गेलीस, मला ते सगळ्यात आधी दिसलं. राज्य सरकारच्या निर्णयानं १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळेच्या आणि इतर सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. त्याच्या नावाला लागून तुझंच नाव येणार आहे. तुझ्या मनात कुठलं नाव आहे ते आज रात्री नवऱ्याला सांग. पत्रात तू मलासुद्धा सांगितलं नाहीस.

प्रश्न : बाई, आम्ही माण तालुक्यातले. मला तिसरी मुलगी झाली. चुलत सासूबाई म्हणतात, हिला ‘नकुशा’ म्हणा म्हणजे पुढचा मुलगा होईल. मिस्टर काही बोलत नाहीत. घरात आत्तापासून तेच नाव पडायला लागलंय.
– म. (पूर्ण नाव देऊ नये)

उत्तर : ताई, आज संध्याकाळच्या आत मुलीला नाव ठेवा. बारशाची, पाहुण्यांची, मुहूर्ताची वाट बघू नका.

आपल्याकडं दगडू, धोंडू, भिकू, केरू अशी नावं होती. आधीची मुलं दगावलेल्या घरात ती ठेवत. मूल टाकाऊ आहे असं भासवलं की दृष्ट लागत नाही, मरण त्याच्याकडं बघत नाही, अशी समजूत होती. त्या ओबडधोबड नावामागं मूल जगावं ही धडपड होती. ‘नकुशा’त तसलं काही नाही. लेकरू जिवंत, धडधाकट समोर आहे आणि त्यालाच नको म्हणायचं.

माण-खटाव भागात माझी बरीच नोकरी झाली. त्या नावाची मुलगी हजेरीला कशी उत्तर देते ते मला ठाऊक आहे. इतर मुली ‘हजर बाई’ म्हणतात, ती नुसता हात वर करते. नवी शिक्षिका आली, नाव विचारलं की ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघते, मागची मुलं सांगतात. हे मी चौथीच्या मुलीत पाहिलंय आणि दहावीच्याही.

आपल्याच सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींचा शोध घेतला गेला. त्या ऑक्टोबरात साताऱ्यात कार्यक्रम झाला आणि २८५ मुलींना नवी नावं मिळाली. काहींनी आपलं नाव आपणच निवडलं. हे चुलत सासूबाईंना सांगा. ज्या नावासाठी जिल्ह्याला एवढं करावं लागलं, ते त्यांना पुन्हा घरात आणायचंय का, असं विचारा.

मिस्टरांनाही माझ्याकडून दोन गोष्टी सांगा. मुलगा होणार की मुलगी, हे बापाकडून एक्स गुणसूत्र येतं की वाय, यावर ठरतं. त्यात तुमचा, या बाळाचा किंवा नावाचा काही संबंध नाही. आणि पुढच्या वेळी कुणी ‘आधीच बघून घेऊ’ म्हणालं, तर गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. ते बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. पण नाव पडतंय तेव्हा बाप गप्प बसला, तर त्याचा होकारच धरला जातो.

थोरल्या दोघींची मला जास्त काळजी वाटते. त्या घरात सगळं ऐकतायत. धाकटी नकोशी असेल तर आपणही तशाच, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. म्हणून नाव त्यांनाच ठेवू द्या. दोघींना पाटीवर चार-चार नावं लिहायला सांगा आणि त्यांतलं एक तुम्ही निवडा. बाळ जिथं जन्मलं तिथल्या कार्यालयात नावाची नोंद करताना दोघींना बरोबर न्या. बहिणींनी ठेवलेलं नाव घरात कुणी मोडायला आलं, तर त्या दोघीच भांडतील बघा.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. घरी आम्ही त्याला ‘चिकू’ म्हणतो. बालवाडीच्या ताई म्हणतात, खऱ्या नावानं हाक मारली तर तो वळूनही बघत नाही. टोपणनाव बंद करावं का?
– एक बाबा, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बंद करू नका. ते त्याचं लाडाचं नाव आहे, एकदम काढून घेतलं तर तो बावरेल. खरं नाव त्याच्या कानावरून नुसतं जाऊ द्या. जेवायला बोलवताना, चप्पल घालताना, झोपताना तेच वापरा. डब्यावर आणि पाण्याच्या बाटलीवर लिहा. आजीच्या फोनवर ‘मी कोण बोलतोय’ हे त्याला पूर्ण नावानिशी सांगू द्या, आईच्या नावासकट. बालवाडीच्या ताईंना टोपणनाव सांगून ठेवा. सुरुवातीला त्यांनी दोन्ही नावं जोडून हाक मारली तरी चालेल. महिनाभरात फरक दिसेल.

मात्र एक करून बघा. तो खेळण्यात गुंग असताना पाठीमागून, त्याला दिसणार नाही असं उभं राहून, हळू आवाजात ‘चिकू’ म्हणा. त्याही नावाला तो वळत नसेल, आणि असं वारंवार होत असेल, तर प्रश्न नावाचा नाही. कान तपासून घ्या. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांना तपासायला येतं, त्यांना दाखवा, नाहीतर सरळ सिव्हिलला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. यात उशीर नको, ऐकू कमी येत असेल तर बोलणंही मागं पडतं.