त्यात संबळ घालू नकोस

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा नुसता चिडलो. दुसऱ्यांदा ऐकताना तुझा आवाज रडवेला झालाय हे कळलं, म्हणून फोन न करता लिहायला बसलो. फोनवर मी ओरडलोच असतो. फेस्टिवलचे आयोजक म्हणाले, "ट्यून भारी आहे, पण यात महाराष्ट्र कुठे दिसतो? जरा संबळ टाका, गोंधळाचा एखादा तुकडा घ्या, मग बघू मेन स्टेजचं." आणि तू विचारतेस, काका, टाकू का?

नको टाकूस.

तुला फ्रेंच मंडळींचा नाद आहे, डाफ्ट पंक या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीचा पिरॅमिड जॅकेटवर शिवून फिरतेस, तेव्हा त्यांच्यावरूनच सांगतो. पॅरिसच्या पोरांकडे परदेशी माणूस काय मागणार? अकॉर्डियन, ती गळ्यात अडकवून वाजवायची पेटी. सिनेमात पॅरिस आलं की आधी अकॉर्डियन वाजतो, मग आयफेल टॉवर दिसतो. आता ही पोरं बघ. डार्लिन नावाचा तिघांचा गिटारवाला बँड होता. 1993 साली 'मेलडी मेकर' या इंग्लिश साप्ताहिकाने 'डाफ्ट पंकी थ्रॅश' म्हणून त्यांची टर उडवली. बँड मोडला. दोघांनी ती टरच नाव म्हणून घेतली, ते तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल. तिसरा, लोराँ ब्रांकोवित्झ, फिनिक्स या बँडमध्ये गेला. एका मोडलेल्या बँडमधून दोन बँड उभे राहिले आणि दोघांनीही अकॉर्डियनला हात लावला नाही.

1997 साली डाफ्ट पंकचा पहिला अल्बम 'होमवर्क' आला. त्यातला बराचसा भाग बांगाल्तेरच्या झोपायच्या खोलीत रेकॉर्ड झालेला. त्यात शिकागोचा हाउस आणि डेट्रॉइटचा टेक्नो, म्हणजे मशीनवर केलेलं नाचाचं संगीत आहे, जुना अमेरिकन डिस्को आहे. एका ट्रॅकवर तर त्यांनी ज्यांच्याकडून शिकले त्यांची नावंच ओळीने घेतली आहेत. उसनं घेतलं आणि चारचौघांत सांगून घेतलं. मग त्यात फ्रान्स कुठे, असं तुझे आयोजक विचारतील. तर कान देऊन ऐक. जुन्या डिस्कोचा दोन-चार बारचा, म्हणजे काही सेकंदांचा, तुकडा घ्यायचा, त्यावर वरचे स्वर कापणारा फिल्टर पूर्ण बंद करायचा, म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधलं लग्न भिंतीतून ऐकू यावं तसं ऐकू येतं. मग तो फिल्टर हळूहळू उघडायचा. घाई करायची नाही, ऐकणाऱ्याने "आता उघड की" म्हणेपर्यंत ताणायचं. वर सगळं मिळून एका कॉम्प्रेसरमधून, म्हणजे आवाज दाबणाऱ्या यंत्रातून, इतकं दाबायचं की ड्रमची किक पडली की बाकीचं सगळं खाली बसतं आणि पुन्हा वर येतं. त्यांचा कॉम्प्रेसर अलेसिसचा 3630, स्वस्तातला, गंभीर इंजिनियर ज्याला हसायचे असला. तू ज्याला 'पंपिंग' म्हणतेस ते या दाबण्यातून येतं. हे अमेरिकेत कुणी करत नव्हतं असं नाही. पण कुठे थांबायचं आणि किती गोड होऊ द्यायचं, ती चव त्या खोलीची होती.

आणि ती चव आली कुठून? हे वाच आणि हस. तोमाचे वडील दानियेल वांगार्द हे डिस्कोचे गीतकार-निर्माते. ओटावान नावाच्या जोडीसाठी त्यांनी आणि त्यांच्या जोडीदाराने गाणी केली, गायक मार्टिनिक बेटावरचा. त्यातलं 1980 चं 'ते ओके' शोधून ऐक. ऐकलंस? 'जिमी जिमी जिमी आजा'! 'डिस्को डान्सर' 1982 चा. म्हणजे गणपतीत रस्त्यावर स्टेज टाकून आम्ही ऑर्केस्ट्रावाले जी चाल बोटं दुखेपर्यंत वाजवायचो, आणि पब्लिक वन्समोअर मागून छळायचं, ती निघाली डाफ्ट पंकच्या घरातून. आमच्यापैकी कुणालाही तेव्हा पत्ता नव्हता. मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं तेव्हा मी एकटाच घरात हसत बसलो. त्या काळात ती चाल कुणी फ्रेंच म्हणून ऐकली नाही, पण त्या घरात वाढलेल्या पोराच्या कानात डिस्को होता, तो सतरा वर्षांनी फिल्टर लावून बाहेर आला. फ्रान्स हा असा येतो. कोथिंबिरीसारखा वरून भुरभुरावा लागत नाही.

तू म्हणशील, एअर या फ्रेंच जोडीचं काय, ते तर ऐकताक्षणी फ्रेंच वाटतात. वाटतात खरे. त्यांचा अल्बम 'मून सफारी' 1998 चा. मूग सिंथ, ऱ्होड्सचा इलेक्ट्रिक पियानो, आवाज यंत्रासारखा करणारा व्होकोडर, आणि पुढे-पुढे करणारा गोल बेस. त्या बेसचा वंश फ्रेंच गायक-संगीतकार गेन्सबूर्गच्या 1971 च्या 'मेलडी नेल्सन' या रेकॉर्डपर्यंत जातो. आणि ज्याला सगळे अस्सल फ्रेंच म्हणतात तो त्या रेकॉर्डवरचा बेस वाजवणारे इंग्लिश सेशनवाले, ताल लंडनमध्ये रेकॉर्ड केलेला! कर आता काय करायचं ते.

एक बाजू मात्र मी लपवणार नाही, नाहीतर तूच उद्या नाव घेऊन मला गप्प करशील. ले नेग्रेस व्हेर्त हा फ्रेंच बँड. त्यांचा 1988 चा अल्बम 'म्लाह'. त्यांच्यात अकॉर्डियन आहे, आणि दणकून आहे. का चालतो? कारण तो वाजवणारा बँडमधला होता, पाहुणा नव्हता. त्यांची गाणी अकॉर्डियनवरच उभी राहतात. तो काढलास तर गाणंच उरत नाही. कासाव्हचंही तेच. 1979 च्या सुमारास ग्वादलूप-मार्टिनिक या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांच्या लोकांनी पॅरिसमध्ये उभा केलेला बँड. पायाशी ग्वादलूपचे ढोल आणि कार्निव्हलचा ताल, वर ब्रास, सिंथ, त्या काळचा उत्तमात उत्तम स्टुडिओ. गायले फ्रेंचमध्येसुद्धा नाही, क्रिओलमध्ये, म्हणजे बेटांवरच्या बोलीत, जी भाषा शाळेत बोललं तर पोरांना दटावत. त्यातून झूक हा नाचाच्या संगीताचा प्रकार जन्माला आला आणि आफ्रिकेपर्यंत पोचला. तिथे ढोल सजावटीला नव्हता. ढोलासाठीच तर बँड काढला होता.

तर परीक्षा ही. ते वाद्य काढून टाक. गाणं पडलं, तर वाद्य तुझं. गाणं तसंच उभं राहिलं, तर ते आयोजकांचं. तुझ्या चारही गाण्यांत संबळ नाहीच, म्हणजे परीक्षेचा प्रश्नच मिटला. तुमच्या घरी गोंधळ झाला तो तुझ्या दादाच्या लग्नानंतर, आणि त्या रात्री तू गच्चीवर हेडफोन घालून बसली होतीस. तूच सांगितलंयस. गोंधळी पिढ्यान्‌पिढ्या देवीपुढे उभे राहतात, त्यांचं वाद्य तुझ्या ब्रेकडाउनमध्ये आठ बार वाजवायला ठेवायचं, म्हणजे नेमकं कुणाचं भलं करतेस?

आणि ते "मग निदान मराठीत गाऊ का" हेही थांबव. चांगलं सुचलं तर गा, कोण अडवतंय. पण भाषेने हा प्रश्न सुटत नाही. तेलेफोन या बँडने फ्रेंचमध्ये रॉक गाऊन देश वेडा केला. फिनिक्सवाले व्हर्सायचे, इंग्रजीत गातात, 2010 ला ग्रॅमी घेऊन आले. मानो नेग्रा या बँडने स्पॅनिश, फ्रेंच, इंग्रजी, अरबी, जे तोंडात येईल ते घेतलं, आणि 1992 ला जहाजात बसून लॅटिन अमेरिकेला वाजवायला गेले. माग्मा बँडच्या क्रिस्तियाँ व्हांदेरला तर यातली एकही भाषा पुरेना. हा ड्रमर, जॅझ सॅक्सोफोनवाल्या कोल्ट्रेनचा भक्त; त्याने 1969 मध्ये बँड काढला आणि कोबायन नावाची भाषाच घडवली, पृथ्वी सोडून दुसऱ्या ग्रहावर गेलेल्या माणसांची. पन्नास वर्षांत कितीएक वादक आले-गेले, तो अजून तीच गातोय. कुणी त्याला विचारलं असेल का, यात फ्रान्स कुठे?

सरकारने मात्र विचारलं होतं. 1994 च्या कायद्याने रेडिओवर 40 टक्के गाणी फ्रेंच भाषेतली हवीत असं ठरलं, 1996 पासून लागू. फ्रेंच रॅपवाल्यांचं त्यात भलं झालं, नाही म्हणत नाही. मार्सेय शहरातला आयएएम हा रॅप ग्रुप, ते त्याच सुमारास शिखरावर होते. पण गंमत बघ, नेमक्या त्याच वर्षांत जगभर वाजला तो फ्रान्स म्हणजे शब्द नसलेला किंवा इंग्रजीत तीनच शब्द पुन:पुन्हा म्हणणारा. कोट्यात न बसणारा.

गोजिरा या बँडचं तुला पटेल. फ्रान्सच्या नैऋत्य टोकाला, बास्क मुलखातल्या बायोनजवळच्या एका गावातली दोन भावंडं आणि दोन मित्र, 1996 पासून. मेटल वाजवतात, देवमाशांवर गाणी करतात, बहुतेक इंग्रजीत. कुणी त्यांना बास्क लोकसंगीत टाका म्हटलं नसेलच असं नाही. 26 जुलै 2024 ला ऑलिंपिकच्या उद्घाटनाला देशाने त्यांना बोलावलं, पॅरिसमधल्या कॉन्सिएर्जरी या जुन्या तुरुंगाच्या भिंतीवर उभं केलं आणि 1790 चं क्रांतिगीत त्यांच्याच गिटारीत वाजवून घेतलं. इथे देश त्यांच्या आवाजाकडे चालत आला. मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली, हे खरं. तुझ्या चेहऱ्यावर आत्ता जे आलं ते मला इथे दिसतंय.

हट्टाची किंमत मला विचार. आमचा ग्रुप होता, दोन कीबोर्ड, गिटार, बेस, ड्रम्स. एका कंपनीने कॅसेट काढायची तयारी दाखवली, अट एकच: प्रत्येक गाण्याची सुरुवात तुतारीने. तेव्हा फ्यूजनचा बाजार होता. मी नाही म्हणालो. ड्रमरला हवं होतं, घरी बहिणीचं लग्न होतं, त्याचंही चुकलं नाही. तो मस्कतला गेला, गिटारिस्टने बँक धरली. आमच्या गाण्यांतलं आज ऐकवता येईल असं काही उरलं नाही, ही खंत आहे आणि ती जाणार नाही. अजून लोक म्हणतात, याने एक तुतारी वाजवू दिली असती तर गाडी-बंगला झाला असता. झालाही असता. पण त्या अल्बमच्या नावाखाली जे निघालं असतं, ते मी आज तुला ऐकवलं नसतं, आणि तू माझ्याकडे हा प्रश्न घेऊन आली नसतीस. तुझ्या मते मी स्वतःचं समर्थन करतोय. करतोय. चाळीस वर्षं पोरांच्या क्लासवर घर चालवलंय, तेवढा हक्क आहे.

आता कामाचं. तुझ्या डेमोत तुझं काय आहे ते तुला दिसत नाही, म्हणून सांगतो. तिसरं गाणं. तुझ्या आवाजावर तो जो भसाडा, जरा फाटका एको आहे, जो तू "मिक्समध्ये साफ करणार आहे" असं लिहिलंयस. तो साफ करायचा नाही. तो मला ओळखीचा आहे. तुझ्या वडिलांचं इचलकरंजीचं साउंड सर्व्हिसचं दुकान. लग्न, जत्रा, प्रचारसभा, त्या जुन्या मिक्सरवरचा एको, "हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणताना शेवटचा शब्द तीनदा परत येणारा. तू पाळण्यात असल्यापासून माणसाचा मोठा आवाज असाच ऐकलायस. म्हणून गाताना तू ओळीचा शेवट आखूड तोडतेस आणि एकोला पुढचं म्हणू देतेस. हे कुठल्या प्लगिनमध्ये मिळत नाही, आणि बर्लिनच्या पोराला सुचणार नाही. तू त्यावर रिव्हर्बचा गुळगुळीत घुमारा चढवून सगळं 'इंटरनॅशनल' करणार होतीस! आयोजक वरून महाराष्ट्र लावायला सांगतात आणि तू आतला खरवडून काढतेस. दोघांवरही मला सारखाच राग येतो.

वडिलांना विचार, तो मिक्सर अजून आहे का. असेल तर पुण्याला घेऊन ये, एसटीने आण, कुरिअर नको, ते आपटतात. त्याच्यातून आवाज घालून पुन्हा रेकॉर्ड कर. व्हॉल्यूम लाल दिव्यापर्यंत जाऊ दे. आणि चौथ्या गाण्यातला फिल्टर तू फार लवकर उघडतेस, आठव्या बारला; सोळापर्यंत ताण, मग बघू.

तुझ्या बेसवाल्याला मेन स्टेज हवंय हेही ऐकलं. त्याच्याशी भांडू नकोस, त्याला घेऊन रविवारी माझ्याकडे ये. मला त्याचं म्हणणं ऐकायचंय. त्याच्या घरी काय चाललंय तेही.

तोपर्यंत तिसऱ्या गाण्याचे ट्रॅक वेगवेगळे करून पाठव. वेव्ह फाइल पाठव, एमपी3 पाठवलीस तर उघडणार नाही.

तुझा,
काका