वाचकांचे प्रश्न : आठवणीतली जीप आणि रोजची गाडी

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि राहणे नाशिकमध्ये गंगापूर रोडला आहे. वडिलांनी 1991 साली महिंद्राची एमएम 540 जीप घेतली होती. बागेत खत नेण्यापासून सप्तशृंगी गडावर दर्शनाला जाण्यापर्यंत सगळे तिच्यावरच होत असे. 2004 मध्ये ती विकावी लागली. आता तशीच एक जीप, नव्याने रंगवलेली, 3,25,000 रुपयांना मिळते आहे. पत्नीचे म्हणणे असे की आणखी पैसे घालून त्याच कंपनीची वापरलेली थार घ्यावी, कारण गाडी रोज बागेत जाणार आहे आणि महिन्यातून तीन-चार वेळा मुलांना घेऊन महामार्गाने त्यांच्या आजोळी, चांदवडला जाणार आहे. भावना बाजूला ठेवून निर्णय घ्यावा का?
– एक बागायतदार, नाशिक

उत्तर : भावना बाजूला ठेवावी, असे मी म्हणणार नाही. ज्या जीपमध्ये वडिलांच्या शेजारी बसून आपण लहानाचे मोठे झालात, तशी जीप दारात असावी असे वाटणे हे खरेदीचे पुरेसे कारण आहे. गफलत आहे ती एवढीच की वडिलांच्या जीपने तेव्हा जे काम केले, तेच काम तिच्यासारखी दुसरी जीप आज रोज करील, असे आपण धरून चालला आहात.

त्या काळच्या रस्त्याला आणि वेगाला ती जीप पुरेशी होती. आज चांदवडच्या वाटेवर आपल्या मागे-पुढे ट्रक आणि मोटारी ज्या वेगाने धावतात, त्या वेगात साधे ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंगचा अभाव आणि मागच्या आडव्या बाकांवर पट्ट्याशिवाय बसलेली मुले, हे चित्र मला पाहवत नाही. बागेतली कच्ची वाट ती जीप आजही आनंदाने तुडवील; पण मुलांचा प्रवास तिच्यावर सोपवू नये, आणि या बाबतीत आपल्या पत्नीचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे.

आता त्या विशिष्ट जीपविषयी. नवा रंग पाहून मन भरते, हे मी स्वानुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही अशीच एक चकचकीत जुनी जीप घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर ती वर उचलून पाहिली, तेव्हा मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) शॅकल, म्हणजे जोडकड्या, जिथे बसतात तिथे चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, इतकी गंजलेली निघाली की पेचकस दाबताच आत गेला. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या पावसात वर्षानुवर्षे फिरलेल्या गाडीत हे सहज संभवते. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून, खालून विजेरीच्या उजेडात चेसिस पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.

इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः सुरू करावे. त्या जीपमध्ये मुळात प्युजो बनावटीचे डिझेल इंजिन असे आणि थंडीत ते हिटर प्लगच्या, म्हणजे इंजिन आतून तापवणाऱ्या प्लगच्या, भरवशावर सुरू होई; आपण पोहोचण्याआधीच मालकाने ते तापवून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढावे. तिथून धुराचे भपके येत असतील, तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत असे समजावे. फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाके इंजिनाने ओढण्याच्या सोयीची, परीक्षा मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर घेऊ नये. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या आसांच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही आसांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरांची जोडणी, नसते, त्यामुळे वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि सगळा ताण गिअरांवर आणि जोडांवर येतो. बागेतल्या भुसभुशीत मातीत लो गिअर टाकून चढ चढवावा आणि पुढची चाके खरोखर ओढतात का, हे कोणाला तरी बाहेर उभे करून पाहायला सांगावे.

कागदपत्रांत खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षे चालते आणि पुढे दर 5 वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क 10,000 रुपये झाले आहे. पर्यावरण कर निराळा. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद आरसीवर नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

रोजच्या कामासाठी 2010 ते 2020 या काळातली सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनाची) थार जुन्या जीपच्या रूपाच्या बरीच जवळ आहे आणि तिला पॉवर स्टिअरिंगही आहे. पण एअरबॅग तिच्यातही नव्हत्या. मुले सोबत असणार असल्यामुळे मी 2020 नंतरची, आपल्या नाशिकच्याच कारखान्यात तयार होणारी थार सुचवीन. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत तिला 4 तारे मिळाले होते. मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही.

जीपचा शोध त्यानंतर सावकाश करावा, आणि एक गोष्ट आधी करून पाहावी. वडिलांच्या जीपचा एमएच 15 चा क्रमांक घरातल्या एखाद्या जुन्या कागदावर सापडला, तर तो एम-परिवहन या वाहनांची माहिती देणाऱ्या सरकारी ॲपमध्ये टाकावा. नोंदणी अजून चालू दिसली, तर अनोळखी जीपसाठी 3,25,000 रुपये मोजण्याआधी आपल्याच जीपच्या मागावर दोन-चार महिने घालवणे मला अधिक योग्य वाटते.

प्रश्न : आजोबांची 1969 ची जीप घरी उभी आहे. तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करून ती रोज वापरता येईल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : रोज वापरता येणार नाही. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला अशी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते. मात्र प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कारणांखेरीज गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्या काळच्या अनेक जीपमधले पेट्रोल इंजिन काढून पुढे डिझेल इंजिन बसवले गेले, आणि तसा बदल झालेली गाडी या नियमात बसत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी बॉनेट उघडून इंजिनावर कोरलेला क्रमांक आजोबांच्या जुन्या नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा.