सांगली ते न्यूयॉर्क : विमानात नेमके किती तास?

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी जुलैत न्यूयॉर्कला निघाले आहे. तिकिटावर मुंबईहून रात्री २ ला निघून त्याच दिवशी सकाळी साडेआठला पोचणार, असं आहे. म्हणजे साडेसहाच तास? येताना मात्र दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. येताना एवढा वेळ का? मला साखरेची गोळी वेळेवर लागते, म्हणून काळजी वाटते.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, खरं तर जाताना जास्त वेळ लागतो. तिकिटावर निघायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यूयॉर्कची, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करू नका. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथे सकाळचे साडेआठ, तेव्हा विश्रामबागेत संध्याकाळचे ६. म्हणजे जाताना १६ तास. हाच हिशोब उलटा केला की येताना १४. (नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथे घड्याळ एक तास मागे घेतात, मग फरक साडेदहाचा होतो. परतीचं तिकीट त्यानंतरचं असेल तर हे ध्यानात ठेवा.)

अंतर तेच असून दोन तासांचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. विमानं उडतात त्या दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो.

अंतर आहे सुमारे १२,५०० किलोमीटर. शाळेत शिकवायचे तेव्हा पृथ्वीच्या गोलावर मी मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरायला लावायचे. मुलांना वाटायचं, तो सरळ अरबस्तान, आफ्रिकेवरून जाईल. प्रत्यक्षात तो उत्तरेला चढतो, रशियावरून थेट आइसलँडला जातो आणि मग खाली उतरतो. जवळची वाट तीच. विमान मात्र अगदी दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यापासून त्यांना वळसा पडू लागला.

आता गोळीचं. आपल्या घड्याळाने तुम्ही रात्री २ ते संध्याकाळी ६ विमानात असाल, म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण दोन्ही वरच. या वेळा कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा आणि तिथे पोचल्यावर गोळी कोणत्या वेळेला घ्यायची तेही विचारून घ्या. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत टाकू नका. अधूनमधून उठून चाला. पाय कमी सुजतात.

आणि तारीख नीट बघा. १० तारखेचं रात्री २ चं विमान म्हणजे ९ तारखेच्या रात्रीचंच. रात्री ११ वाजेपर्यंत विमानतळावर हजर व्हायचं, त्यात जुलैचा पाऊस, खंबाटकी आणि बोरघाट. सांगली ९ तारखेला सकाळी १० वाजताच सोडा.