हेलिकॉप्टरचे पाते आणि हवेचा वळसा

वास्कोच्या एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्यांच्या कडेतून हवा फुंकून उचल कमीजास्त करण्याच्या तंत्राला इंग्रजीत सर्क्युलेशन कंट्रोल म्हणतात. त्याला मराठीत ‘अभिसरण-नियंत्रण’ म्हणावे का? पात्यांचा कल बदलणाऱ्या चकतीला, म्हणजे स्वॉशप्लेटला, प्रतिशब्द काय, असेही त्याने विचारले आहे. प्रश्नासोबत त्याने आपल्या टिपणातले एक वाक्य पाठवले आहे: ‘पंख्याला हवेचा झोत देऊन उचल वाढवली जाते.’ या वाक्यातल्या ‘पंख्या’पासूनच सुरुवात करणे मला भाग आहे.

दाबोळीच्या धावपट्टीवरून नौदलाचे हेलिकॉप्टर उडाले की आपल्याकडे लहानथोर ‘पंखा’ म्हणतात, आणि आता हा शब्द छापील मजकुरातही बिनदिक्कत येऊ लागला आहे. पंखा वारा घालतो. हेलिकॉप्टरचा रोटर, म्हणजे पात्यांचे फिरते चक्र, हाही हवा खाली लोटतो हे खरे. परंतु त्याचे प्रत्येक पाते हा स्वतंत्र, अरुंद आणि लांब पंख आहे, हे ध्यानात आल्याशिवाय या तंत्राचे एक अक्षरही कळणार नाही. ‘पंखा’ म्हटले की झोताने तो ढकलला जाऊन जोरात फिरत असावा अशी समजूत होते, आणि नेमके तेच येथे घडत नाही. पंखा हा शब्दही पंखावरूनच आला, असा युक्तिवाद काही कोशप्रेमी करतात. व्युत्पत्ती बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे, कारण आजच्या मराठीत तो शब्द वारा घालण्याच्या साधनाशी कायमचा बांधला गेला आहे. ‘पाते’ तसे नाही. विळीचे पाते, गवताचे पाते, डोळ्याचे पाते: जे पातळ, लांबट आणि कड असलेले, ते पाते.

या ‘पाते’चे कूळ फार मोठे आहे. ते संस्कृत ‘पत्र’ या शब्दाकडून आले आणि ‘पत्र’ आले ‘पत्’ या धातूकडून, ज्याचे उडणे आणि पडणे असे दोन्ही अर्थ होतात. पतंग त्यातलाच आणि आपले ‘पडणे’ही त्यातलेच. पत्र म्हणजे पान हा अर्थ सर्वांना ठाऊक असतो, पण अमरकोशात त्याचे वाहन आणि पंख असे दोन अर्थ शेजारी शेजारी दिलेले आहेत, आणि पक्ष्याला ‘पत्ररथ’ असेही नाव आहे. आता ‘हेलिकॉप्टर’ घ्या. हा शब्द 1861 साली गुस्ताव्ह द पाँताँ दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने घडवला, आणि त्याचे तुकडे ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असे मुळीच नाहीत. ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्रासारखे वळलेले आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख, अशा दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. हे ‘प्टेरॉन’ आणि आपले ‘पत्र’ एकाच मूळ धातूपासून निघालेले सख्खे चुलतभाऊ आहेत. म्हणजे ‘हेलिकॉप्टर’ या नावाच्या शेपटीत जो ‘प्टर’ उरला आहे, तो आणि विळीचे पाते एका घरचे! ज्या वस्तूच्या नावातच पाते आहे, तिच्या पात्याला पंखा म्हणण्याचे काहीही कारण नाही, आणि ‘हेली’ व ‘कॉप्टर’ असे तुकडे पाडून नवे शब्द बनवणाऱ्यांनीही एकदा हे कूळ पाहून घ्यावे.

आता ‘अभिसरण’. रक्ताभिसरणामुळे हा शब्द रुळला, शालेय पुस्तकांनी तो उष्णतेलाही लावला, आणि म्हणून परिभाषा करणारे डोळे मिटून तोच येथे सुचवतात. परंतु ‘अभि’ आणि ‘सृ’ मिळून अर्थ होतो एखाद्याच्या दिशेने जाणे. अभिसारिका प्रियकराकडे जाते, त्याच्याभोवती फिरत नाही. येथे मात्र भोवती फिरण्यालाच सगळे महत्त्व आहे. पात्याभोवती एक बंद रेषा कल्पावी आणि त्या रेषेच्या दिशेने हवेचा वेग किती, याची पूर्ण फेरीभर बेरीज करावी; ती बेरीज म्हणजे सर्क्युलेशन. तिच्यासाठी मराठीत ‘वळसा’ हा तयार शब्द आहे. तो ‘वळणे’च्या घराण्यातला आहे, पूर्ण फेरी दाखवतो आणि कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. तो बोलीतला म्हणून शास्त्राला शोभत नाही, हा आक्षेप मला अजिबात मान्य नाही.

वळशाचे महत्त्व जर्मन गणिती कुट्टा आणि रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवले: पात्याच्या दर मीटर लांबीमागे मिळणारी उचल म्हणजे हवेची घनता, वेग आणि वळसा यांचा गुणाकार. नेहमीच्या पात्याची मागची कड धारदार असते. वरून आणि खालून आलेले प्रवाह त्या धारेपाशीच पात्याला सोडतात, आणि त्यामुळे वळसा किती असावा हे पात्याचा कल ठरवतो. मागची कड गोल केली की प्रवाहाने कोठे सुटावे याचे बंधन उरत नाही. त्या गोलाईच्या किंचित आधी, वरच्या अंगाला, लांबच लांब बारीक फट ठेवून तिच्यातून हवेचा पातळ पदर सोडला, तर तो गोलाईला चिकटून खाली वळतो, सुटण्याची जागा खाली सरकते आणि वळसा वाढतो. चिकटून वळण्याच्या या गुणाला रुमानियन अभियंता आंरी कोआंडा याचे नाव आहे. नळाच्या धारेला चमच्याची फुगीर पाठ हलकेच टेकवली, की धार पाठीवरून वळते आणि चमचा धारेत ओढला जातो. तोच हा गुण. मिळणारी उचल त्या झोताच्या स्वतःच्या धक्क्यापेक्षा अनेक पटींनी जास्त असते, म्हणूनच ‘झोत देऊन ढकलणे’ हे वर्णन चुकते.

हेलिकॉप्टरला याचा उपयोग काय, हे आकड्यांत पाहावे. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 200 मीटर आणि हेलिकॉप्टरचा 50 मीटर धरला, तर पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला 250 आणि मागे जाणाऱ्याला 150 मीटर वेगाची हवा लागते. कल सारखाच ठेवला तर उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे दोन्ही बाजूंत पावणेतीन पटींहून अधिक तफावत पडते. ती मिटवण्यासाठी स्वॉशप्लेट दर फेरीला प्रत्येक पात्याचा कल बदलते. फुंकणीच्या पद्धतीत तेच काम हवेवर सोपवता येते: पोकळ पात्यांत दाबाखालची हवा रोटरच्या मध्यावरून शिरते आणि झडपा ती दर फेरीत कमीजास्त करतात.

इंग्लंडमध्ये पायस्टॉक येथे इयन चीझमन यांनी 1960च्या दशकात या कल्पनेवर काम केले. अमेरिकेत सिकॉर्स्की कंपनीच्या एक्स-विंग या प्रायोगिक यंत्राची चार ताठ पाती उड्डाणातच थांबवून त्यांचे स्थिर पंख करायचे होते, आणि थांबल्यावर काही पात्यांना हवा उलट बाजूने लागणार म्हणून पुढची व मागची अशा दोन्ही कडांना फटी ठेवल्या होत्या. पण तो रोटर हवेत फिरण्याआधीच, 1988 साली, कार्यक्रम रद्द झाला. नोटार पद्धतीच्या हेलिकॉप्टरांत मात्र शेपटीच्या दांड्याला फटी असतात आणि हाच वळसा शेपटीच्या छोट्या रोटरचे बरेचसे काम करतो. अशी यंत्रे आजही उडतात.

तेव्हा टिपणातले वाक्य असे लिहावे: ‘पात्याच्या गोल कडेवर हवेचा पदर फुंकून वळसा वाढवला जातो व त्यामुळे उचल वाढते.’ तंत्राला ‘वळसा-नियंत्रण’ म्हणावे. स्वॉशप्लेट हा शब्द तसाच ठेवावा. कारागिरांच्या तोंडी तोच आहे.