अडीअडचणीचा पैसा कुठे ठेवावा?

प्रश्न : घराचा अत्यावश्यक खर्च महिना 25 हजार रुपये आहे. अडीअडचणीसाठी टपाल खात्यातील आवर्ती ठेव पुरेल का?

उत्तर : मिळवते माणूस एकच असेल, तर निदान 6 महिन्यांचे, म्हणजे दीड लाख रुपये हाताशी असावेत, त्यात किराणा, वीजबिल यांबरोबर घरकर्जाचा हप्ताही धरावा, कारण नोकरी गेली तरी तो थांबत नाही. टपालातील आवर्ती ठेव 5 वर्षांची असून 3 वर्षांच्या आत मोडता येत नाही (बचतीची शिस्त लावायला ती उत्तमच), म्हणून महिनाभराचा खर्च बचत खात्यात आणि उरलेली रक्कम, मोडल्यास थोडे व्याज बुडाले तरी, बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावी. बँक बुडाल्यास व्याजासह 5 लाखांपर्यंत विमासंरक्षण असते. भिशीला तेही नाही.