फाउंड्रीचा प्रश्न, प्रयोगशाळेचं दार

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. पावसाळ्यात ग्रे आयर्नच्या (बिडाच्या) कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागांत, ब्लोहोल (वायूमुळे पडणारी भोकं) वाढतात. शिवाजी विद्यापीठाची किंवा एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची मदत कशी घ्यावी? निघालेला उपाय कोणाच्या मालकीचा?

उत्तर : ‘ब्लोहोल घालवून द्या’ एवढंच सांगत गेलात तर काम पुढं सरकणार नाही. एकाच पार्टची महिनाभराची रिजेक्शनची नोंद, शिफ्टनिहाय वाळूचा ओलावा, पर्मिएबिलिटी (वाळूतून वायू किती सहज बाहेर जातो ते) आणि ओतण्याचं तापमान सोबत न्या. सदोष कास्टिंग ग्राइंडिंग न करता द्या. भोकाचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत आहे की काळपट, यावरूनच बरंच कळतं. ग्रीन सँडमध्ये (साच्याच्या ओलसर वाळूत) ओलावा साधारण ३ ते ४ टक्के ठेवतात. तो वाढला की वाफही जास्त होते, आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. वाळूचा नमुना हवाबंद पिशवीतच न्या, नाहीतर वाटेत तो वाळतो आणि रिपोर्ट छान येतो!

नुसती चाचणी हवी असेल तर फी भरा, पावती घ्या, झालं. नवी प्रक्रिया शोधायची असेल तर मात्र काम सुरू होण्याआधी लेखी करार हवा : पेटंट कोणाच्या नावावर, वापराचा हक्क कोणाला, गोपनीय काय. प्राध्यापकांना शोधनिबंध छापायचा असतो. तो अडवू नका, फक्त पेटंटचा अर्ज आधी जाऊ द्या. आधी छापलं की पेटंटसाठी लागणारं नावीन्य सहसा संपतं. प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्जानंतर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. आणि हो, परीक्षेच्या दिवसांत लॅबकडून रिपोर्टची घाई धरू नका.