सरकारी व अनुदानित शाळा सुधारण्यासाठी आणि शिक्षकांचे वेतन ठरवण्यासाठी राज्यभर डेटा वापरता येईल का?

वापरता येईल, पण महाराष्ट्रात माहितीचा तुटवडा कधीच नव्हता. यू-डायस (शाळांची माहिती), सरल (विद्यार्थ्यांची), शालार्थ (पगाराची), पवित्र (शिक्षक भरतीची) अशा सरकारी ऑनलाइन प्रणालींमध्ये आम्ही वर्षभर माहिती भरतच असतो. ती वर जाते आणि वर्गाच्या उपयोगाचे असे खाली क्वचितच काही येते. मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते आणि हीच माहिती शाळेच्या मुळावर कशी उठते, हे मी जवळून पाहिले आहे.

संचमान्यतेसाठी, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे ठरवण्यासाठी, आधार जुळलेलेच विद्यार्थी धरायचे असे ठरले, त्या वर्षी आमची बरीच मुले हजेरीपटावर उपस्थित आणि संगणकावर अवैध ठरली. त्यांतली पाचवीची एक मुलगी मला विशेष आठवते. जनरल रजिस्टरमध्ये तिची जन्मतारीख जून महिन्यातली होती आणि आधारवर 1 जानेवारी, कारण कार्ड काढताना घरच्यांकडे जन्मदाखला नव्हता. वडिलांच्या नावातही एका अक्षराचा फरक होता. वडील नाक्यावर उभे राहून रोजचे काम मिळवणारे. दुरुस्तीसाठी आधार केंद्रावर रांग लावायची म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे. ही मुलगी माझ्यासमोर बसून अपूर्णांकांची बेरीज करत होती, मधल्या सुट्टीत खिचडी खात होती, पण पदे मोजणाऱ्यांच्या हिशेबी ती शाळेत नव्हतीच. अशी मुले वजा होऊन पट घसरला, एक पद कमी झाले आणि आमच्या गणिताच्या बाई अतिरिक्त ठरल्या. समायोजनात त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाची शाळा मिळाली आणि त्यांची तुकडी माझ्या तुकडीत मिसळली. मुले घटल्याचे कागदावर दिसत असताना माझ्या वर्गात एकेका बाकावर तिघे-तिघे बसू लागले. पुढे आधारच्या दुरुस्त्या झाल्या; पद परत आले नाही.

आता वेतनाविषयी. माझे थोरले दीर खासगी बँकेत अधिकारी होते आणि आमच्याकडे गणपतीला सगळे जमले की त्यांचा एक मुद्दा ठरलेला असतो: बँकेत जसे कामगिरीवर पगारवाढ ठरते, तशी शिक्षकांची पगारवाढ मुलांच्या गुणांवर ठरवावी. मला हे साफ अमान्य आहे. जूनमध्ये वर्गात असलेली कित्येक मुले दिवाळीनंतर दिसत नाहीत, कारण भाड्याची खोली बदलते आणि नवी मुले वर्षाच्या मध्यावर येऊन बसतात. मग त्या गुणांचे श्रेय कोणाचे आणि दोष कोणाचा? शिवाय ज्या आकड्यावर पैसे अवलंबून असतात, तो आकडा फुगवला जातो. अमेरिकेतील अटलांटा शहरात चाचण्यांच्या उद्दिष्टांशी बक्षिसाची रक्कम जोडली होती. 2011 च्या तपासात 44 शाळांमध्ये उत्तरपत्रिकांत फेरफार झाल्याचे उघड झाले आणि 178 शिक्षक व मुख्याध्यापकांची नावे पुढे आली. तिथली मुले कागदावर हुशार झाली आणि त्यांना लागणारी मदत त्यामुळेच हुकली.

उपयोगी पडते ती माहिती फार साधी असते. ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’मध्ये 2005 पासून मुलाला एक छोटा उतारा वाचायला आणि साधी गणिते सोडवायला देऊन ते कुठे अडते ते पाहतात. कोणत्या मुलाला जोडाक्षरे येत नाहीत, कोणाला हातच्याची वजाबाकी जमत नाही, हे मला जुलैत कळले तर मी गट पाडून शिकवू शकते. तीच गोष्ट वर्ष संपल्यावर जिल्ह्याच्या सरासरीच्या रूपात कळली, तर तिचा मला काडीचा उपयोग नाही.

वेतनासाठी डेटा वापरायचाच असेल, तर तो शासनाच्या कामाचा हिशेब लावण्यासाठी वापरावा. शिक्षणसेवक योजना 2000 साली आली. नव्या शिक्षकाने तीन वर्षे मानधनावर काम करायचे आणि मग वेतनश्रेणी. प्राथमिकचे मानधन 6 हजारांवरून 16 हजारांवर यायला 2023 उजाडावे लागले, आणि 16 हजारांत मुंबईत खोलीचे भाडे देऊन काय उरते, ते विचारणाऱ्याने स्वतः मांडून पाहावे. पगार सुरू व्हायला लागणाऱ्या शालार्थ आयडीचे प्रस्ताव किती दिवस पडून आहेत, पगार कोणत्या तारखेला जमा झाला, कोणत्या शाळेत किती पदे रिक्त आहेत, हे दर महिन्याला शाळानिहाय जाहीर करावे. माहिती त्याच प्रणालींमध्ये आहे.

एक मान्य करायला हवे, की माझा अनुभव अनुदानित शाळेचा आहे; जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेची अडचण वेगळी असते. न शिकवता पगार घेणारे शिक्षकही आहेत आणि त्यांच्यामुळे आमची मान खाली जाते. त्यांना वठणीवर आणायला मुख्याध्यापकाने वर्गात जाऊन बसणे पुरते. दीरांना मी दरवर्षी हेच सांगते: आधी पदे भरा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने दिलेल्या जनगणना, निवडणूक, आपत्ती निवारण या अपवादांपलीकडची अशैक्षणिक कामे काढून घ्या, जूनमध्ये प्रत्येक मूल कुठे आहे ते नोंदवा आणि एप्रिलमध्ये तेच मूल पुन्हा तपासा. एवढे झाल्यावर मोजणी माझ्याच वर्गापासून सुरू केली तरी माझी हरकत नाही.